अँमीटर शून्य दाखवतो तेव्हा तारेत काय चाललेले असते? (अतिसूक्ष्म वाहकांतील विद्युत आणि उष्णता प्रवाहांचे चढउतार)

टिळकवाडीकर

नमस्कार. मी बेळगावातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थिनीने बॅटरी काढून ठेवलेल्या मंडलाकडे बोट दाखवून विचारले, "सर, काटा शून्यावर आहे म्हणजे तारेत काहीच वाहत नाही, असे लिहू का?" मी "लिही" म्हटले, आणि घरी येताना दुसऱ्या रेल्वे गेटजवळ गाडी थांबली तेव्हा लक्षात आले की आपण चुकीचे सांगून आलो. वाहत नाही ती फक्त सरासरी. इलेक्ट्रॉन दोन्ही दिशांना धावतच असतात, आणि एखाद्या क्षणी डावीकडून चार अधिक गेले तर पुढच्या क्षणी उजवीकडून तीन अधिक येतात.

याचा जुना इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९१८ मध्ये शॉटकीने निर्वात नळीतील प्रवाहाविषयी दाखवून दिले की प्रभार सुट्या कणांनी येतो म्हणूनच प्रवाह थरथरतो, आणि त्या थरथरीचे माप इलेक्ट्रॉनचा प्रभार गुणिले प्रवाह याच्या दुप्पट असते. १९२८ मध्ये जॉन्सनने प्रयोगाने आणि नायक्विस्टने गणिताने दाखवले की बॅटरी नसलेल्या साध्या रोधकाच्या टोकांवरही सतत बारीक व्होल्टेज उमटत राहते, आणि त्याचे माप रोधकाच्या द्रव्यावर अवलंबून नसून केवळ रोध आणि तापमान यांवर असते. खोलीच्या तापमानाला एक किलोओहम रोधकासाठी ते एक हर्ट्झ रुंदीच्या वारंवारिता-पट्ट्यामागे सुमारे ४ नॅनोव्होल्ट भरते.

मला विचारायचे आहे ते यापुढचे. इलेक्ट्रॉन प्रभाराबरोबर ऊर्जाही नेतो. मग विद्युतप्रवाहाला चढउतार असतील तर उष्णताप्रवाहालाही असणारच. तरीही पाठ्यपुस्तकांत पहिल्यावर प्रकरणे आहेत आणि दुसऱ्यावर चार ओळीही नाहीत, असे का? काही नॅनोमीटर रुंदीच्या वाहकात या दोन चढउतारांचा एकमेकांशी संबंध काय असतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे. मराठीत लिहावे अशी खास विनंती, कारण आमच्याकडची मुले दहावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजीत जातात आणि मधल्या उडीत अर्थ निसटतो.

उद्यमबागवाले

सर, माझा व्यवसाय मोजमापाची यंत्रे दुरुस्त करण्याचा आहे. फाउंड्र्यांचे तापमान-नियंत्रक, वजनकाट्यांचे लोडसेल, जुने ऑसिलोस्कोप असे सगळे माझ्या टेबलावर येते. नॅनोचे मला काही कळत नाही, पण जॉन्सनने दाखवलेली ती रोधकाची खरखर मी कानांनी ऐकली आहे आणि त्यात एक कोडे अडकून पडले आहे, ते मांडतो.

टीएल०७२ हा ऑप-अँप (व्होल्टेज वाढवणारी चिप) घेऊन हजारपट वाढवणारे मंडल बांधले. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडल्या आणि सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केले, नाहीतर पन्नास हर्ट्झची गुणगुण बाकी काही ऐकूच देत नाही. रोधक वेगळ्या छोट्या डबीत ठेवून मीटरभर शील्डेड केबलने आत आणला. एक किलोओहमला हेडफोनमध्ये जवळजवळ शांतता. एक मेगाओहम लावला की पावसाळी रात्री केंद्र न लागलेल्या रेडिओसारखी सूं सूं, आणि खरा सरासरी-वर्ग (ट्रू आरएमएस) मोजणाऱ्या मीटरवर सुमारे ६ मिलिव्होल्ट. इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे झाले. मग दहा मेगाओहम लावला. खरखरीचे व्होल्टेज रोधाच्या वर्गमुळाने वाढते आणि दहाचे वर्गमूळ तीनाच्या वर, म्हणून मीटर अठरा-एकोणीस दाखवील अशी माझी अपेक्षा होती. तो सहाच्या किंचित वर जाऊन थांबला! आवाज मात्र बदलला. सूं सूं जाऊन दबकी घुरघुर आली. रोधक तीन वेळा बदलून पाहिला. हे असे का व्हावे?

मलप्रभाकाठची

उद्यमबागवाले अण्णा, तुमचे कोडे या धाग्याच्या विषयापासून दूर नाही, म्हणून आधी तेच घेते. (माझे गाव कणकुंबीच्या बाजूला आहे, सध्या बाहेर अतिशीत तापमानातील इलेक्ट्रॉनिकीवर काम करते.)

तुमच्या मीटरभर केबलची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) सुमारे १०० पिकोफॅरड असते. रोधक आणि ही धारिता मिळून एक गाळणी तयार होते. एक मेगाओहमसाठी ती सुमारे १,६०० हर्ट्झच्या वरचे अडवते, दहा मेगाओहमसाठी १६० हर्ट्झच्या वरचे. रोध दसपट झाला की प्रत्येक हर्ट्झमागची खरखर दसपट ताकदीची होते, पण पट्टा बरोबर दसपट अरुंद होतो, आणि बेरीज तिथेच राहते. म्हणूनच आवाज खर्जात गेला आणि मीटर हलला नाही. एकूण वर्ग-सरासरी व्होल्टेज म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान भागिले धारिता. त्यात रोध येतच नाही. १०० पिकोफॅरडला हे ६.४ मायक्रोव्होल्ट होते, हजारपट केल्यावर तुमचे ६.४ मिलिव्होल्ट. पडताळा हवा असेल तर केबल काढून दहा मेगाओहम थेट ऑप-अँपच्या पायाशी जोडा. धारिता वीसेक पिकोफॅरडवर येईल आणि वाचन दुपटीच्या वर जाईल.

"तापमान भागिले धारिता" हा आकार लक्षात ठेवा. उष्णतेच्या बाजूला त्याचा जुळा भाऊ भेटणार आहे.

आता सरांचा प्रश्न. साध्या तारेत इलेक्ट्रॉन वाटेत असंख्य वेळा आपटतो. वाहक इतका आखूड केला की इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ऊर्जा न गमावता जाईल, तर हिशेब अगदी वेगळा होतो. लँडॉअरने १९५७ पासून मांडलेली आणि पुढे ब्युटिकरने वाढवलेली दृष्टी अशी की वाहक म्हणजे काही मोजक्या वाटा, आणि प्रत्येक वाटेला एक पारगमन संभाव्यता, म्हणजे आलेला इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याची शक्यता. पूर्ण मोकळ्या एका वाटेचा रोध, इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या (स्पिनच्या) दोन्ही दिशा धरून, सुमारे १२.९ किलोओहम असतो, मग द्रव्य कोणतेही असो. १९८८ मध्ये नेदरलँड्समधील आणि केंब्रिजमधील दोन गटांनी अरुंद फट रुंदावत नेली तेव्हा वाहकता सरळ रेषेत न वाढता याच मापाच्या पायऱ्यांनी चढताना दिसली.

चढउतारांत गंमत अधिक आहे. शॉटकीच्या नळीत इलेक्ट्रॉन मनाला येईल तेव्हा सुटत. आखूड वाहकाकडे, अतिशीत तापमानाला, ते तसे येत नाहीत; पाउलीच्या नियमामुळे एका जागी दोन बसू शकत नसल्याने ते शिस्तीत येतात, एका मिलिव्होल्टला सेकंदाला सुमारे २४ हजार कोटी, प्रत्येक फिरकीसाठी वेगळे. म्हणजे येणाऱ्या रांगेत गोंधळ नाही. गोंधळ फक्त वाटेवर, पलीकडे गेला की परतला या निर्णयात. म्हणून प्रवाहाची थरथर पारगमन संभाव्यता गुणिले "एक उणे ती संभाव्यता" या प्रमाणात येते. वाट पूर्ण बंद असेल तर काही नाही, पूर्ण मोकळी असेल तरी काही नाही. प्रवाह भरपूर आणि थरथर शून्य. लेसोविकने हे १९८९ मध्ये गणिताने मांडले, आणि १९९५ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेत व १९९६ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथे ते मोजून दाखवले गेले.

प्रत्यक्ष थरथर आणि शॉटकीची थरथर यांच्या गुणोत्तराला फॅनो गुणांक म्हणतात. अतिशय कमी पारगमनाच्या एका भिंतीसाठी तो १, सारख्या दोन भिंतींसाठी १/२, अशुद्धींनी भरलेल्या आखूड तारेसाठी १/३. नुसता रोध मोजून या तिघांत फरक करता येत नाही. थरथर मोजली की येतो. १९९७ मध्ये याच मार्गाने त्याच दोन ठिकाणच्या गटांनी अंशात्मक क्वांटम हॉल अवस्थेत (अतिपातळ, अतिशीत थर तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर येणारी इलेक्ट्रॉनांची अवस्था) इलेक्ट्रॉनच्या एक-तृतीयांश प्रभाराचे वाहक पाहिले.

उष्णतेविषयी उद्या लिहिते. ते याहून अवघड आहे.

चिकोडीकर

ताई, मी एका साखर कारखान्याच्या काट्यावर काम केलेला माणूस. तुमचे लिखाण वाचताना हंगामातली रांग डोळ्यांपुढे आली. टोकन घेऊन ट्रॅक्टर शिस्तीत येतात. तपासणीत काही आत सोडले जातात, काही परत फिरवले जातात. तासाला किती ट्रॉल्या आत गेल्या हा आकडा वरखाली होतो, तो केवळ या सोडण्या-फिरवण्यामुळे. इथपर्यंत जमते.

पण काट्यावर आम्ही दोन नोंदी ठेवतो, एक ट्रॉल्यांची आणि दुसरी टनांची. ट्रॉल्यांची नोंद एकेकाने वाढते. टनांची तशी नाही. एका ट्रॉलीत दहा टन, दुसरीत तेरा. तासाला नेमक्या चाळीस ट्रॉल्या आल्या तरी टन सारखे येत नाहीत. उष्णतेचा प्रकार असाच काही आहे का?

मलप्रभाकाठची

चिकोडीकर काका, आज मी याच ठिकाणापासून सुरुवात करणार होते, आणि तुमचा दाखला माझ्यापेक्षा चांगला आहे. प्रभाराला ठरावीक दाणा आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकच. उष्णतेला ठरावीक दाणा नाही. म्हणून विद्युतप्रवाहाच्या थरथरीत एकच प्रश्न असतो, किती गेले. उष्णताप्रवाहाच्या थरथरीत दोन प्रश्न मिसळतात, किती गेले आणि प्रत्येकाने किती नेले.

तुमच्या काट्याचा आणखी एक भाग उपयोगी पडतो. तुम्ही भरलेली ट्रॉली तोलता, मग रिकामी तोलता, आणि फरक लिहिता. इलेक्ट्रॉनची उष्णताही अशीच मोजतात. त्याच्या एकूण ऊर्जेतून तो ज्या टोकाकडून निघाला त्या टोकाची फर्मी पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांची वरची कड) वजा करायची. उरते ती उष्णता. व्होल्टेज लावले की डाव्या आणि उजव्या टोकांच्या फर्मी पातळ्या वेगळ्या होतात, म्हणजे दोन काट्यांवर रिकामे वजन वेगळे धरल्यासारखे होते. एकूण ऊर्जा दोन्हीकडे जुळते, पण "उष्णता" जुळत नाही. डावीकडून निघालेली आणि उजवीकडे पोहोचलेली यांतला फरक म्हणजे प्रवाह गुणिले व्होल्टेज, आपली ओळखीची जूल उष्णता. आखूड वाहकात ती वाहकाच्या आत जन्मतच नाही, पलीकडच्या टोकात इलेक्ट्रॉन स्थिरावताना जन्मते. ट्रॉल्यांची बेरीज दोन्ही काट्यांवर एकच असते, निव्वळ टनांची नसते. म्हणून उष्णतेच्या चढउतारांबद्दल बोलताना कोणत्या टोकाच्या हे सांगावेच लागते.

दाखला एका ठिकाणी मोडतो. उसाचे वजन उणे होत नाही. फर्मी पातळीच्या खालचा इलेक्ट्रॉन निघून गेला तर मागे राहिलेले टोक तापते. त्याने नेलेली उष्णता उणे धरावी लागते.

आता नियम. विद्युत थरथरीच्या बेरजेत प्रत्येक ऊर्जेवरचे योगदान सारख्याच वजनाने येते. उष्णतेच्या थरथरीत प्रत्येक योगदानाला त्या निव्वळ ऊर्जेच्या वर्गाने गुणायचे. त्यामुळे दूरच्या, तुरळक पण जड इलेक्ट्रॉनांचा आवाज उष्णतेत फार मोठा होतो. आणि एकदा निव्वळ ऊर्जेने, वर्ग न करता, गुणले तर तिसरी गोष्ट मिळते, ती म्हणजे विद्युतप्रवाह आणि उष्णताप्रवाह यांच्या चढउतारांचा परस्परसंबंध. ट्रॉल्या वाढल्या त्याच क्षणी टनही वाढले का, हे ती सांगते. पारगमन सर्व ऊर्जांना सारखे असेल आणि दोन्ही टोके समतोलात (सारख्या तापमानाला, व्होल्टेजशिवाय) असतील तर हा संबंध शून्य येतो, कारण फर्मी पातळीच्या वरचे जेवढे तेवढेच खालचे.

याच्या उलट टोकाला क्वांटम ठिपका असतो, जो एकाच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला वाट देतो. जणू बरोबर दहा टनांच्याच ट्रॉल्या आत सोडायच्या. मग ट्रॉल्यांच्या वहीला दहाने गुणले की टनांची वही तयार. उष्णतेचे विजेत रूपांतर करायला असा अरुंद दरवाजाच उत्तम, हे महान आणि सोफो यांनी १९९६ मध्ये दाखवले होते.

खानापूरचा विद्यार्थी

ताई, सर, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. मला वाटते उष्णतेची थरथर वेगळी शिकवत नाहीत याचे कारण ती वेगळी मोजण्याची गरजच नसते. वीडेमान आणि फ्रांट्स यांनी १८५३ मध्येच पाहिले की धातूंची उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता एकमेकींच्या प्रमाणात असतात, आणि त्या प्रमाणातली लॉरेंझ संख्या (उष्णतावाहकता भागिले विद्युतवाहकता आणि तापमान यांचा गुणाकार) २.४४ गुणिले दहाचा उणे आठवा घात, वॅट-ओहम प्रति केल्विन वर्ग, हीच सगळीकडे येते. मग विद्युत थरथर मोजा, या संख्येने आणि तापमानाच्या वर्गाने गुणा, उष्णतेची थरथर मिळाली. यात नवे काय?

टिळकवाडीकर

बाळ, तू अर्धे बरोबर लिहिले आहेस, आणि मी रात्री कागदावर करून पाहिल्यामुळे मला कोणते अर्धे ते सांगता येईल. समतोलात विद्युत थरथर म्हणजे चार गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान गुणिले विद्युतवाहकता. उष्णतेची थरथर म्हणजे तेच, पण तापमानाच्या वर्गासह आणि उष्णतावाहकतेसह. वीडेमान-फ्रांट्स लागू असेल तर दोहोंचे गुणोत्तर तू म्हणतोस तेच येते. पण व्होल्टेज लावले, वाट अर्धवट बंद केली आणि तापमान शून्याजवळ नेले, तर विद्युत थरथर व्होल्टेजच्या पहिल्या घाताने वाढते आणि उष्णतेची तिसऱ्या घाताने. एकेका इलेक्ट्रॉनची निव्वळ ऊर्जा शून्यापासून पूर्ण व्होल्टेजपर्यंत कुठेही असू शकते. सरासरी निम्मी, पण वर्गाची सरासरी एक-तृतीयांश. इथे लॉरेंझ संख्या कुठेच येत नाही. ताई, हे बरोबर आहे ना?

मलप्रभाकाठची

बरोबर आहे, सर. आणि एक भर. समतोलातला तो नियमही संथ चढउतारांपुरता आहे. अतिजलद चढउतारांकडे पाहिले तर तापमान शून्यावर नेले तरी उष्णताप्रवाहाची थरथर शून्य होत नाही, उष्णतावाहकता मात्र शून्य होते. अव्हेरिन आणि पेकोला यांनी २०१० मध्ये हे दाखवले. ज्या नियमावर आपण सगळे वाढलो तो उष्णतेच्या बाबतीत इतका सहज सुटतो, याचे मला आजही नवल वाटते.

विद्यार्थ्याने सरासरीचा मुद्दा काढला आहे तर त्याचीही मर्यादा लिहून ठेवते. एका वाटेतून जास्तीत जास्त किती उष्णता वाहू शकते यालाही वरची सीमा आहे. एका केल्विन तापमानाला ती वाहकता सुमारे ०.९५ पिकोवॅट प्रति केल्विन. अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेत २००० मध्ये ती ध्वनिकंपनांच्या वाटांसाठी मोजली गेली आणि फ्रान्समध्ये २०१३ मध्ये एकाच इलेक्ट्रॉन-वाटेसाठी.

उद्यमबागवाले

मोजण्याच्या माणसाचा प्रश्न. विद्युत थरथर मी ऑप-अँपने ऐकली. उष्णतेची थरथर ऐकायची कशाने? उष्णतेला हेडफोन नाही.

मलप्रभाकाठची

अण्णा, पाठ्यपुस्तकांत चार ओळीही का नाहीत, या सरांच्या प्रश्नाचे खरे उत्तर तुमच्या प्रश्नात आहे. उष्णताप्रवाह थेट मोजणारे साधन नाही. एखाद्या छोट्या धातूच्या बेटावर उष्णता येऊ देतात आणि त्याचे तापमान किती हलते ते पाहतात. आणि इथे तो जुळा भाऊ भेटतो. केबलवरच्या व्होल्टेजचा वर्ग जसा तापमान भागिले विद्युत-धारिता, तसा बेटाच्या तापमानातील चढउताराचा वर्ग म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमानाचा वर्ग भागिले उष्णता-धारिता.

आकडे घालून पाहा. एक घन मिलिमीटर तांबे खोलीच्या तापमानाला घेतले तर त्याचे तापमान केवळ सुमारे २० नॅनोकेल्विनने हलते; कोणाला दिसणार? पण एक मायक्रोमीटर लांब, १०० नॅनोमीटर रुंद आणि ३० नॅनोमीटर जाड तांब्याचे बेट ०.१ केल्विनवर नेले, तर त्यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान २ मिलिकेल्विनच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांनी, आपोआप वरखाली होत राहते. बेट लहान आणि थंड केल्याशिवाय हा आवाज वर येत नाही, आणि तितके थंड बेट तापमापकाने बघू गेले की तापमापकच त्याला तापवतो. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील गटाने गेल्या काही वर्षांत या अडचणीवर बरीच मात केली आहे.

विद्युत बाजूलाही तुमच्या ऑप-अँपने भागत नाही. एक नॅनोअँपिअर प्रवाहाची पूर्ण शॉटकी थरथर एका हर्ट्झ पट्ट्यामागे १८ फेम्टोअँपिअर असते. अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर तिला गिळते. म्हणून एकाच नमुन्याला दोन स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लावतात आणि दोघांच्या वाचनांचा गुणाकार करून तासन्‌तास सरासरी काढतात. नमुन्याची थरथर दोघांत एकच असते, ती टिकते. अ‍ॅम्प्लिफायरांची आपापली असते, ती विरून जाते.

खानापूरचा विद्यार्थी

माझे म्हणणे मी मागे घेतो. पण सरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही असे वाटते. व्होल्टेज नाही, सरासरी प्रवाहही नाही, पण एक टोक गरम आणि दुसरे थंड, असे केले तर विद्युत थरथर काय होईल? दोन्ही टोकांच्या तापमानांची सरासरी घेऊन जॉन्सनचे सूत्र लावायचे का?

मलप्रभाकाठची

अगदी हाच प्रयोग वाइझमन संस्थेत झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सोन्याची तार ताणून तोडतात. तुटण्याच्या क्षणी दोन टोकांमध्ये एखाददुसरा अणू उरतो, त्या फटीत हायड्रोजनचे रेणू अडकवतात, आणि एक बाजू तापवतात. सरासरी प्रवाह शून्य असतानाही जॉन्सनच्या सूत्राहून अधिक थरथर मिळाली. ही जादा थरथर तापमानांतील फरकाच्या वर्गाने वाढते आणि पुन्हा त्याच "संभाव्यता गुणिले एक उणे संभाव्यता" या मापाने बदलते. गरम बाजूने काही ऊर्जांवर इलेक्ट्रॉन येतात आणि थंड बाजूने इतर ऊर्जांवर. संख्या जुळते म्हणून प्रवाह शून्य होतो, पण वाटेवरचे निर्णय होतच राहतात.

यातली व्यावहारिक धास्ती मी स्वतः अनुभवली आहे. नमुन्याची दोन टोके न कळत वेगळ्या तापमानाला राहिली होती, आणि जादा थरथर मी तीन आठवडे भलत्याच कारणाच्या खात्यावर मांडत बसले. थर्मामीटर होता, एकाच टोकाला होता.

अण्णांसाठी एक घरगुती जोड. दोन रोधक एकमेकांना जोडून एक गरम ठेवला तर सरासरी प्रवाह शून्य असूनही गरमाकडून थंडाकडे उष्णता जाते, आणि ती नेणारी फक्त खरखर असते. नायक्विस्टचा युक्तिवादच मुळी दोन रोधकांच्या अशा देवघेवीवर उभा होता. फ्रान्समधील लिऑन येथे सिलिबेर्तो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दोन मोठे रोधक, त्यांतला एक द्रव नायट्रोजनच्या वाफेने थंड केलेला, घेऊन ही उष्णता आणि तिचे चढउतार प्रत्यक्ष मोजले. तुमच्या डब्यात दोन्ही एक मेगाओहमचे रोधक समांतर जोडून एक ९० अंशांनी गरम केला, तर १०० पिकोफॅरडला ही उष्णता सुमारे ६ गुणिले दहाचा उणे अठरावा घात इतके वॅट येईल. ती तुम्हाला दिसणार नाही. पण खरखर दिसेल: दोन्ही थंड असतानाच्या तुलनेत एक गरम केल्यावर सुमारे ७ टक्के अधिक, दोन्ही गरम केल्यावर १४ टक्के. इथे जादा काही मिळणार नाही, सरासरी तापमानाचेच सूत्र चालेल, कारण रोधकाच्या आत इलेक्ट्रॉन असंख्य वेळा आपटून ते सारे सपाट करतात. सोन्याच्या एका अणूत ते होत नाही.

उद्यमबागवाले

रविवारी खानापूरचा विद्यार्थी आणि सर, दोघेही वर्कशॉपवर आले होते. आधी केबल काढून दहा मेगाओहम थेट पायाशी जोडला. मीटर ६ वरून १३ वर गेला. मग केबल परत लावून एक मेगाओहमचे दोन रोधक समांतर जोडले. एकाला मल्टीमीटरचे थर्मोकपल कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या पट्टीने) चिकटवून हॉट-एअर गनच्या गरम हवेने ११५ अंशांवर ठेवला, दुसऱ्याच्या आणि त्याच्या मध्ये अभ्रकाचा तुकडा. अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर वर्गाने वजा केल्यावर एक गरम असताना ६ टक्के वाढ मिळाली, दोन्ही गरम असताना १३. पहिल्या फेरीत ११ आणि २० आली होती आणि विद्यार्थी आनंदाने उठलाच होता, पण ती हवेच्या पंख्याच्या मोटरची गुणगुण निघाली. हवा बंद करून निवण्यापूर्वी पटकन वाचन घ्यायला लागलो तेव्हा आकडे खाली बसले.

टिळकवाडीकर

सोमवारी त्या विद्यार्थिनीची वही परत मागवून घेतली आणि "काहीच वाहत नाही" यातील "काहीच" खोडून "सरासरीने" लिहिले. तिने लगेच विचारले की मग सरासरी किती वेळाची धरायची. ताई, तुम्हाला सवड झाली की याचे उत्तर आखूड वाहकासाठी आकड्यासकट लिहा. मी तिला शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.